गतकाळाचा निरोप आणि ‘आज’चे जगणे (ख्रिस्ती साधना)

केलेली पापे, सोसलेला अन्याय, हातून गेलेल्या गोष्टी आणि मिरवलेले यश यांचा मनावरचा ताबा सोडवून ते सारे देवाच्या हवाली करणे, आणि हाती आलेला दिवस त्याच्या इच्छेप्रमाणे घालवणे, अशी ही दुहेरी साधना आहे. तिला सर्व पंथांना मान्य असे एक नाव नाही. पश्चात्ताप, पापनिवेदन, भरपाई, क्षमा, विलाप, रात्रीचे आत्मपरीक्षण आणि दिवसभरातील छोट्या प्रार्थना हे तिचे भाग. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट पंथांत त्यांची मांडणी वेगवेगळी असली, तरी क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच आढळतो : जे घडले त्याला आधी नाव द्यायचे, मग ते सोडायचे. नाव न देता सोडलेले फार काळ सुटून राहत नाही.

शास्त्राधार आणि एक नेहमीचा गैरसमज

प्रवचनांत ही साधना पुष्कळदा ‘झाले गेले विसरा’ एवढ्यावर आणून ठेवली जाते. पवित्र शास्त्राचा सूर तसा सरळसोट नाही. यशया ४३:१८ मध्ये पूर्वीच्या गोष्टी आठवत बसू नका असे सांगितले आहे, आणि तीनच अध्याय पुढे, ४६:९ मध्ये, प्राचीन काळच्या गोष्टी आठवा अशी आज्ञा आहे. पहिल्या वचनाच्या आधीच्या दोन ओळी वाचल्या की उलगडा होतो. तिथे ‘पूर्वीच्या गोष्टी’ म्हणजे पापे नाहीत, तर समुद्रातून वाट काढून दिलेली जुनी, वैभवशाली सुटका आहे. बाबेलच्या बंदिवासात पडलेल्या लोकांनी जुन्या चमत्काराच्या आठवणीत रमून नव्याकडे पाठ फिरवू नये, असा त्याचा रोख. चांगल्या आठवणीसुद्धा वाट अडवतात, हे इथे प्रथम लक्षात घ्यावे.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतील प्रेषित पौल याचेही तसेच. मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून पुढच्या खुणेकडे धावतो, हे त्याचे म्हणणे (फिलिप्पैकरांस ३:१३-१४) जिकडेतिकडे भिंतीवर लावलेले दिसते. पण मागे काय टाकले त्याची यादी त्याच अध्यायात ५ व ६ या वचनांत आहे आणि ती सहसा कोणी वाचत नाही. आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामीन वंशातील जन्म, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथाचे शिक्षण, नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष वर्तन. मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाचा, छळसुद्धा तिथे आवेशाचा पुरावा म्हणून येतो. म्हणजे ही सारी त्याच्या जमेच्या बाजूची खाती आहेत. उलट ज्याची लाज वाटावी ते पौल विसरलेला नाही : मंडळीचा छळ केल्यामुळे प्रेषित म्हणवून घ्यायला आपण पात्र नाही, असे तो १ करिंथकरांस १५:९ मध्ये स्वतःच लिहितो. त्याच्या स्मृतीत सगळे शाबूत आहे. त्या स्मृतीवर त्याची किंमत ठरत नाही, इतकाच बदल झाला आहे.

शिवाय ज्या धर्माची मुख्य उपासनाच ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ (लूक २२:१९) या शब्दांवर उभी आहे, तो विसरणे हा सद्गुण मानूच शकत नाही. म्हणून परंपरेत प्रश्न असा विचारला जातो, की आठवण कोणाच्या हाती आहे. माणसाच्या एकट्याच्या हाती राहिली तर ती आरोपपत्र होते किंवा प्रशस्तिपत्र. देवासमोर ठेवली तर तिच्यातून कबुली, आभार किंवा विलाप निघू शकतो.

गतकाळाचे गोडवे गाण्याबद्दलही शास्त्र सावध करते. रानात मान्ना (देवाने रोज पुरवलेले अन्न) खाऊन कंटाळलेल्या इस्राएल लोकांना मिसरातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवू लागले (गणना ११:५). हे सारे तिथे फुकट मिळत होते, असेही ते म्हणाले. गुलामगिरीतले जेवण फुकट! स्मृती हिशेब कसा फिरवते याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. ‘पूर्वीचे दिवस आताच्याहून बरे होते, असे का?’ हा प्रश्न शहाणपणाचा नाही, असे उपदेशक ७:१० मध्ये स्पष्ट बजावले आहे.

यहूदा आणि पेत्र

एकाच रात्री दोन शिष्यांनी येशूशी बेइमानी केली : यहूदाने त्याला धरून दिले, पेत्राने त्याला ओळखण्याचेच नाकारले. यहूदाने काय केले नाही हे लोक सांगतात. त्याने काय काय केले ते मत्तय २७:३-५ मध्ये पाहण्यासारखे आहे. त्याला पस्तावा झाला, त्याने ३० रुपे परत नेऊन दिले आणि निर्दोष माणसाला धरून देऊन आपण पाप केले असे तोंडाने कबूल केले. पश्चात्तापाचे तीन मोठे भाग वरवर पाहता पुरे झाले होते. पण ज्यांच्यापुढे कबुली दिली त्या मुख्य याजकांनी ‘त्याचे आम्हाला काय? तुझे तू पाहा’ म्हणून हात झटकले, आणि तो एकटाच निघून गेला. ऐकणारा आणि क्षमा उच्चारणारा कोणी नसेल तर पस्तावा माणसाला गिळतो. देवाला अनुसरून असलेले दुःख आणि जगाचे दुःख यांत पौलाने केलेला फरक (२ करिंथकरांस ७:१०) इथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

पेत्राने नाकारले तेव्हा महायाजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटवलेला होता आणि तो शेकत उभा होता (योहान १८:१८). पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी येशू शिष्यांसाठी न्याहारी मांडतो, तिथेही कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आणि जवळ भाकर (२१:९). नव्या करारात असा कोळशाचा विस्तव या दोनच ठिकाणी येतो. तीन नकारांसमोर तीन प्रश्न येतात, आणि तिसऱ्या प्रश्नाला पेत्र दुःखी होतो. जुनी जखम उघडली जाते, पण ‘तू मला नाकारलेस’ हे वाक्य येशू एकदाही उच्चारत नाही. प्रत्येक उत्तरामागून एक काम सोपवले जाते : मेंढरे चार, मेंढरे पाळ. साधनेचा पुढचा सारा तपशील या प्रसंगात बीजरूपाने आहे. आठवण टाळायची नाही, तिच्यावर रेंगाळायचेही नाही, आणि शेवटी आजचे काम हाती घ्यायचे.

पहिली पायरी : निवड

आध्यात्मिक मार्गदर्शनात सर्वात जास्त चुका इथेच होतात. मनावर बसलेला गतकाळ चार जातींचा असतो : आपण केलेले पाप, आपल्यावर झालेला अन्याय, कोणाचाच दोष नसलेली हानी (मृत्यू, आजार, मोडलेले बेत), आणि यश. प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. पापासाठी पापनिवेदन आणि भरपाई, अन्यायासाठी क्षमा, हानीसाठी विलाप, यशासाठी आभार. गल्लत झाली की साधना उलटते. लहानपणी अत्याचार सोसलेली व्यक्ती वर्षानुवर्षे स्वतःचे पाप म्हणून तेच निवेदन करत राहते. तिथे तिने क्षमा मागण्यासारखे काही नसतेच. ज्याने दुसऱ्याला लुबाडले तो ‘मी स्वतःला माफ केले’ म्हणून मोकळा होऊ पाहतो. जोडीदार गेलेल्या माणसाला मंडळीतील लोक ‘श्रद्धा कमी पडते’ असे ऐकवतात. त्याला लागते ते रडण्याची मुभा. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश विलापाची आहेत, ती याच कामासाठी.

निवड लिहून करावी. एका कागदावर एक प्रसंग, दोन-तीन ओळींत : काय झाले, कोणी केले, आज त्याचा त्रास कोणत्या वेळी होतो. तिसरी ओळ सुचत नसेल तर तो प्रसंग बहुधा मिटलेला असतो आणि उकरण्याची गरज नसते.

पापनिवेदन

कॅथलिक चर्चच्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येक सभासदाला वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये निवेदन करणाऱ्याकडून अपेक्षित तीन कृती निश्चित सांगितल्या : मनापासून पस्तावा, तोंडी कबुली, प्रायश्चित्त. कबुलीनंतर धर्मगुरू क्षमेचे शब्द उच्चारतो. कबुलीत ऐकलेले त्याला कोणालाही, कधीही सांगता येत नाही. ऑर्थोडॉक्स रीतीत माणूस बहुधा ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर उभा राहतो आणि धर्मगुरू शेजारी साक्षी म्हणून असतो. प्रोटेस्टंट उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायची कबुली असते. खाजगी कबुलीसाठी याकोब ५:१६ चा आधार घेऊन विश्वासू सहविश्वासणाऱ्याकडे किंवा पाळकाकडे जातात. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथर यानेही खाजगी कबुली मोडीत काढली नव्हती, फक्त तिची सक्ती नाकारली होती.

कबुली थोडक्यात आणि नेमकी असावी. ‘माझा स्वभाव जरा रागीट आहे’ ही कबुली होत नाही, ते स्वभाववर्णन झाले. ‘गेल्या आठवड्यात दोनदा भावाला चारचौघांत घालूनपाडून बोललो’ ही कबुली. काय केले, किती वेळा, कोणाचे नुकसान झाले, एवढे पुरते. पार्श्वभूमी, सबबी आणि इतरांची पापे गाळावीत. यांतली शेवटची गोष्ट लोकांना सर्वात जड जाते.

भरपाई

क्षमा मिळाली म्हणून देणे फिटत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात हडपलेल्या रकमेवर पाचवा हिस्सा अधिक घालून परत करायला सांगितले आहे (गणना ५:७). चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे (निर्गम २२:१). जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन, ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करण्याचे बोलून दाखवले (लूक १९:८), तेव्हा त्याने स्वतःला मेंढरे चोरणाऱ्याचे माप लावले. भरपाईला मर्यादा एकच : ती करताना नव्याने कोणाचे नुकसान होऊ नये. जुने गुपित उघड करून आपले ओझे हलके करायचे आणि ऐकणाऱ्याचा संसार मोडायचा, ही भरपाई होत नाही. मूळ व्यक्ती हयात नसेल तर वारसांना, तेही नसतील तर गरजूंना देण्याची रीत आहे. गुन्हा घडला असेल तर कायद्याची जबाबदारी जशीच्या तशी राहते. कबुलीच्या खोलीतील क्षमा न्यायालयात चालत नाही आणि चालावी अशी अपेक्षाही नाही.

क्षमा

राजाने कर्ज माफ केलेला चाकर स्वतःच्या सोबत्याचे कर्ज मात्र सोडत नाही, त्या मत्तय १८ मधील निर्दय चाकराच्या दाखल्यातील आकडे उलगडून पाहावेत. चाकराला माफ झालेले कर्ज १०,००० टॅलेंट. एक टॅलेंट म्हणजे सुमारे ६,००० देनारी, आणि एक देनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची कमाई. त्याच्या सोबत्याकडून त्याचे येणे होते १०० देनारी. प्रवचनांत या दुसऱ्या रकमेला क्षुल्लक म्हणतात. शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक नसते. अन्याय सोसलेल्या माणसाचे दुखणे खोटे आहे असे दाखला कुठेही म्हणत नाही. ते खरे आहे आणि तरीही सोडता येण्याजोगे आहे, असे म्हणतो.

क्षमा आणि समेट यांत फरक केलाच पाहिजे. क्षमा एकट्याने करता येते. प्रार्थनेला उभे राहता तेव्हा क्षमा करा, असे मार्क ११:२५ सांगते आणि त्यासाठी समोरचा हजर असावा लागत नाही. समेटाला दोघे लागतात, आणि समोरच्याचा पश्चात्ताप लागतो (लूक १७:३). क्षमा केली म्हणजे पुन्हा त्याच घरात राहायला जावे, तक्रार मागे घ्यावी, पैसे पुन्हा त्याच्या हाती द्यावेत, यातले काहीही ओघाने येत नाही. ‘क्षमा कर आणि विसर’ असे सांगून पीडितांची तोंडे बंद करणाऱ्या मंडळ्यांनी या एका गफलतीतून फार मोठे नुकसान केले आहे.

क्षमा हा आधी निर्णय असतो. भावना मागाहून, सावकाश येतात. राग पुन्हा उसळला म्हणजे क्षमा खोटी होती असे नाही. त्या वेळी निर्णय तेवढा पुन्हा उच्चारायचा. छातीत धडधड, दचकून जागे होणे, प्रसंग डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहणे असे होत असेल, तर तो श्रद्धेचा कमकुवतपणा समजू नये. तो आघाताचा परिणाम असतो आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ईस्टरपूर्वीच्या महाउपवासकाळाच्या तोंडावर येणाऱ्या रविवारी संध्याकाळी क्षमेचा विधी होतो. धर्मगुरूपासून लहान मुलापर्यंत प्रत्येक जण प्रत्येकासमोर वाकून ‘मला क्षमा कर’ म्हणतो आणि ‘देव क्षमा करो’ हे उत्तर घेतो. ज्याच्याशी अबोला आहे तोही रांगेत येतोच, त्यामुळे टाळायला जागा राहत नाही.

विवंचनेचा रोग

माफ झालेले पाप पुन्हा पुन्हा निवेदन करत राहणे, हा या साधनेतील जुना आणि चिवट आजार. पुढे जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोला याने १५२२ मध्ये स्पेनमधील मोन्सेरातच्या मठात तीन दिवस घेऊन आयुष्यभराच्या पापांची लेखी कबुली दिली. तरी मानरेसा गावी गेल्यावर काहीतरी सांगायचे राहिले, या विचाराने त्याला पछाडले. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांग, असे कबुली ऐकणाऱ्याने सांगून पाहिले; पण त्याला सगळेच स्पष्ट वाटत होते, म्हणून उपयोग झाला नाही. खोलीतील भोकातून खाली उडी घ्यावी इथपर्यंत मजल गेली, आठवडाभराचा कडक उपासही करून झाला. शेवटी जुन्या पापांपैकी एकही पुन्हा निवेदन करायचे नाही असा निश्चय त्याने केला, आणि तिथून तो सुटला. पुढे त्याने आपल्या साधनापुस्तकात अशा विवंचनांसाठी स्वतंत्र नियम घातले. आजही अनुभवी धर्मगुरू अशा माणसाला एकच कबुली ऐकणारा ठरवून देतात आणि जुनी यादी आणण्यास साफ मनाई करतात. हात धुण्यासारख्या इतर सक्तीच्या सवयीही जोडीला असतील तर हा मानसिक आजार असू शकतो, आणि तिथे उपचार लागतात.

‘आज’चे माप

वर्तमानात जगण्याचा शास्त्रातला मूळ धडा रानातील मान्नाचा. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, रोज सकाळी गोळा करायचे. उद्यासाठी ठेवले तर किडे पडत. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दोन ओमर (निर्गम १६). ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या मागणीमागे हेच माप आहे. मत्तय ६:३४ उद्याच्या चिंतेला मना करते, नियोजनाला नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे लूक १४:२८ मध्ये येशूच सांगतो. चिंता करू नका या वचनाच्या आधाराने विमा, औषधे किंवा कर्जाचे हप्ते सोडून देणे हा निव्वळ आळस होय.

रोजच्या आचरणाचा कणा म्हणजे आत्मपरीक्षण. पोप तिसरा पॉल याने १५४८ मध्ये मान्य केलेल्या इग्नेशियसच्या साधनापुस्तकात त्याच्या पाच पायऱ्या आहेत : आभार, प्रकाशासाठी मागणी, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमायाचना, सुधारणेचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आभारापासून सुरुवात करणे हा नियम मोडू नये. थेट चुकांपासून सुरुवात केली की परीक्षण आठवडाभरात रडगाणे बनते आणि माणूस ते सोडून देतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आजऐवजी सगळे आयुष्य तपासायला बसणे. एकाच दोषासाठी वेगळे परीक्षणही साधनापुस्तकात दिले आहे : आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा आखायच्या, चूक होईल तितके ठिपके द्यायचे आणि कालच्या रेघेशी आजची ताडून पाहायची.

दिवसा मन मागे धावते तेव्हा छोटी प्रार्थना उपयोगी पडते. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही पूर्वेकडील मंडळ्यांची प्रार्थना गाठींच्या दोरीवर श्वासाच्या लयीत म्हणतात. दोरीला ३३, ५० किंवा १०० गाठी असतात. मन भटकले याचा राग धरायचा नाही, पुढच्या गाठीवर यायचे. पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकघर सांभाळणारा ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) भांडी घासतानाही हेच करत असे, वेगळ्या शब्दांत.

मन मागे कधी पळते, हे मिसरच्या वाळवंटातील साधू एवाग्रियस (मृत्यू ३९९) याने नोंदवून ठेवले आहे. घर, आईबाप आणि पूर्वीचे जगणे आठवू लागले की पाठोपाठ उदासी येते. आणि भर दुपारी कंटाळ्याचा विचार असा घेरतो, की सूर्य हलत नाही आणि दिवस पन्नास तासांचा वाटतो. उपाय म्हणून तो जागा न सोडण्यावर भर देतो.

बंदिवासात ही साधना कशी टिकते, याचा अलीकडचा दाखला व्हिएतनामचे बिशप न्गुयेन व्हान थुआन यांचा. १५ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांना अटक झाली; १३ वर्षांच्या कैदेपैकी ९ वर्षे एकांतात गेली. सुटकेची वाट पाहत बसायचे नाही, समोरचा क्षण प्रेमाने भरायचा, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांमागे ते आपल्या लोकांसाठी मजकूर लिहून बाहेर पाठवत, आणि तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब घेऊन मिस्सा (भाकर व द्राक्षारसाची मुख्य उपासना) अर्पण करत.

अंतिम स्मृतीविषयी मतभेद

नव्या सृष्टीत पूर्वीच्या गोष्टी कोणाला आठवणार नाहीत, असे यशया ६५:१७ म्हणते. पण पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर आणि कुशीवर जखमा तशाच आहेत आणि त्या तो शिष्य थोमाला दाखवतो (योहान २०:२७). या दोहोंचा मेळ कसा घालायचा यावर धर्मपंडितांचे एकमत नाही. अन्यायाची स्मृती शेवटी गळून पडेल असे काही मानतात. तसे झाले तर पीडितांची साक्षच पुसली जाईल, असे इतरांचे म्हणणे. धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकात यावर काढलेला तोडगा अजून चर्चेत असतो : वैद्याला रोग माहीत असतात तसे आणि रोग्याला माहीत असतात तसे, असे जाणण्याचे दोन प्रकार आहेत. मुक्त झालेल्यांना आपले भोग पहिल्या प्रकारे ठाऊक राहतील, दुसऱ्या प्रकारे नाही, असे तो म्हणतो.